तोल सावरणारे पाऊल आणि वार्धक्य

चाळीसगाव हे जंक्शन. धुळ्याच्या गाडीतून फलाटावर उतरणारी गर्दी येथील वैद्यांच्या परिचयाची आहे. त्या गर्दीत मागून धक्का बसला, की तरुण मनुष्य एक पाऊल टाकून स्थिर होतो. सत्तरी ओलांडलेली व्यक्ती दोन-तीन पावले भेलकांडते आणि प्रसंगी पडते. खुब्याचे हाड मोडल्यावर आपण अस्थिक्षयाचा विचार करतो, लाक्षादि गुग्गुळाची योजना करतो. ते योग्यच, परंतु पडण्यापूर्वीच्या त्या एका पावलाकडे आपले दुर्लक्ष होते, असे आमचे मत आहे.

वृद्धांचे पाऊल उशिरा उचलले जाते, हा समज पुरता खरा नाही. टोरांटो येथील मॅकी व मॅकिलरॉय यांच्या अभ्यासांत वृद्धांनीही पाऊल त्वरेने उचलल्याचे आढळले. उणीव राहते ती पुढे. पहिल्या पावलाने तोल सावरत नाही, दुसरे टाकावे लागते, आणि ते बहुधा बाजूला पडते. धक्का बाजूने आला तर एक पाय दुसऱ्यावर आदळतो. टेकलेल्या पायाने पुढे झुकणारे धड रोखावयाचे असते. त्यासाठी मांडी व नितंबाच्या स्नायूंना केवळ बळ नव्हे, तर क्षणार्धात प्रकट होणारे बळ लागते. मांसक्षयात तेच आधी उणावते. गती, उत्क्षेपण व अपक्षेपण ही व्यान वायूची कर्मे होत. शार्ङ्गधरांनी वयानुसार ऱ्हास पावणाऱ्या भावांत त्वचा, दृष्टी व विक्रम सांगितले आहेत. तळव्याचा स्पर्श आणि नजर मंदावली, की तोल गेल्याची वार्ताच अपुरी पोहोचते.

हे बळ उतारवयातही वाढविता येते, ही समाधानाची बाब. 2019 च्या कॉक्रेन पुनरावलोकनानुसार व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटते. त्यात तोल सांभाळण्याचे व्यायाम प्रमुख आहेत. ओट्याला हात लावून बाजूला पाऊल टाकणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, एवढ्यापासून प्रारंभ करावा. जवळ माणूस असावा. अभ्यंगाने सांधे मोकळे होतील, पण पावलाचा सराव अभ्यंगाने होत नाही.

वर्षभरात किती वेळा पडलात, हा प्रश्न प्रत्येक वृद्ध रुग्णास विचारावा. पडल्याचे ते आपण होऊन क्वचितच सांगतात. औषधालयाच्या चालकांनी झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या नेणाऱ्या वृद्धांकडे विशेष लक्ष द्यावे. चक्कर वा झापड येत असल्यास गोळी परस्पर बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवावे. दुकानाच्या पायरीला धरावयास एक दांडीही बसवावी.