उजेडाची एक तिरीप

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात सव्वादोन मीटरहून रुंद एक चित्र आहे. मागे करडी, उघडी भिंत आणि तिच्यावर साधा लाकडी क्रूस. पांढऱ्या झग्यांवर लाल क्रूस असलेल्या दोन नन. एक खुर्चीत पाय लांब करून बसलेली, मांडीवर पवित्र अवशेषांची उघडी डबी. दुसरी शेजारी गुडघे टेकून. दोघींचे हात जोडलेले, आणि त्यांच्यामध्ये उतरलेली उजेडाची एक तिरीप.

बसलेली नन म्हणजे सिस्टर कातरीन द सेंत-सुझान. तिला चितारणारा फिलिप द शाम्पेन तिचा बाप. पत्नी आणि दोन मुलं गमावलेल्या या चित्रकाराची ही एकच लेक उरली होती. 1657 साली तिने पोर-रॉयाल मठात व्रत घेतलं. 1660 च्या ऑक्टोबरमध्ये तापाने आणि अर्धांगाच्या दुखण्याने तिला गाठलं. पाय हलेनात. चौदा महिने औषधोपचार झाले, वैद्यांनी हात टेकले.

तेव्हा मदर आन्येस आर्नो यांनी, म्हणजे चित्रात गुडघे टेकलेल्या दुसऱ्या ननने, नऊ दिवसांची प्रार्थना सुरू केली. 6 जानेवारी 1662 ला, शेवटच्या दिवशी, कातरीनजवळ प्रार्थना करताना आन्येसना एकाएकी आशा वाटली. दुसऱ्या दिवशी कातरीन उठली आणि चालू लागली.

ही घटना मठाला किती मोलाची वाटली असेल, हे समजायला तो काळ पाहावा लागतो. हा मठ जॅन्सेनिस्ट विचारांचा बालेकिल्ला होता. या विचारांचे प्रणेते बिशप कोर्नेलियस यान्सेन यांचा ‘आउगुस्टिनुस’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1640 साली निघाला. माणूस स्वतःच्या बळावर तरत नाही, ईश्वरी कृपाच त्याला तारते, असं त्याचं सार. 1653 मध्ये पोपनी या ग्रंथाशी जोडलेली पाच विधानं निषिद्ध ठरवली. तो निषेध मान्य असल्याच्या पत्रावर ननांनी सह्या कराव्यात म्हणून दबाव वाढला. 1661 मध्ये चौदाव्या लुईने मठातल्या शिकणाऱ्या मुली बाहेर काढल्या. अशा वेळी उठून चालणारी कातरीन म्हणजे देव आपल्या बाजूला असल्याची खूण, असं मठाला वाटलं.

छळ मात्र थांबला नाही. 1664 मध्ये आर्चबिशपनी सही नाकारणाऱ्या बारा ननांना मठाबाहेर नेलं, त्यांत मदर आन्येसही होत्या. 1709 मध्ये पोर-रॉयालच्या ग्रामीण मठातल्या उरलेल्या नन हाकलल्या गेल्या आणि पुढे त्या वास्तूही पाडल्या गेल्या.

कातरीन कशाने बरी झाली, यावर वैद्यक आणि श्रद्धा आपापलं उत्तर देतील. शाम्पेनने मात्र लेक चालतानाचा क्षण रंगवलाच नाही. देवदूत नाहीत, गर्दी नाही. त्याने रंगवली ती आदल्या दिवसाची आशा. नवस फेडावा तसं हे चित्र त्याने मठाला अर्पण केलं. मठ गेला, वाद विझले. बापाची कृतज्ञता तेवढी उरली आहे.