चिठ्ठी न फाडता रसायन कसं करायचं?

आता बघा, औषध शोधायचं म्हणजे सुरुवातीला काय, तर एखाद्या प्रथिनाला घट्ट चिकटणारा रेणू शोधायचा. १९९२ साली सिडनी ब्रेनर आणि रिचर्ड लर्नर यांनी कल्पना मांडली, की प्रत्येक रेणूला डीएनएची चिठ्ठी लावावी. तीन टप्पे, दर टप्प्याला हजार वेगवेगळे घटक, की झाले शंभर कोटी रेणू, तेही एका छोट्या नळीत. प्रथिनाला चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे आणि उरलेल्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या. जीएसकेचा आरआयपी१ किनेजला रोखणारा रेणू अशाच लायब्ररीत मिळालेल्या धाग्यावरून मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला.

गोम अशी आहे, की चिठ्ठी नाजूक असते. तीव्र आम्लात अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन साखरेपासून तुटून पडतात. शिवाय डीएनएला पाणी हवं, आणि सेंद्रिय रसायनातल्या कितीतरी अभिक्रियांना पाण्याचंच वावडं! म्हणून बरीच वर्षं अमाइड बंध, सुझुकी जोडणी अशा मोजक्याच अभिक्रियांवर भागवलं गेलं. रेणू कोट्यवधी, पण बरेचसे एकाच घराण्यातले. नुसत्या आकड्यावर भुलू नये ते यासाठी.

२०१९ मध्ये फिल बॅरन यांचा स्क्रिप्समधला गट आणि फायझर यांनी यावर छान तोड काढली. डीएनएवर ऋण प्रभार असतो. मग धन प्रभाराच्या राळेच्या कणांवर त्याला चिकटवून ठेवा, पाणी काढून टाका, सेंद्रिय द्रावक ओता, अभिक्रिया करा आणि शेवटी खारट द्रावणाने डीएनए सोडवून घ्या. या पद्धतीने त्यांनी कार्बन-कार्बन जोडणी केलीच, वर विजेच्या साहाय्याने अमिनीकरणही करून दाखवलं.

म्हणजे प्रश्न सुटला का? नाही हो. इथे सगळे रेणू एकत्र मिसळलेले, एकेक शुद्ध करायची सोयच नाही. एखादा घटक वीसच टक्के जोडला गेला, तरी चिठ्ठी म्हणणार ‘जोडला’. मग खरा चांगला रेणू प्रमाण कमी म्हणून हातचा निसटतो, नाहीतर भलत्याच उपउत्पादनाचं श्रेय त्याला मिळतं. त्यामुळे नवी अभिक्रिया दोन-चार घटकांवर चालली एवढ्यावर भागत नाही. लायब्ररी बांधण्याआधी घटक एकेक करून डीएनएवर तपासावे लागतात, आणि अभिक्रियेनंतर चिठ्ठीला पुढचा तुकडा जोडता येतो का, पीसीआरमध्ये तिच्या प्रती निघतात का, हेही पाहावं लागतं.