अठरावर अठरा शून्यं आणि बावीस मिनिटं

ऑगस्ट 2016मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा अंतराळातला व्हिडिओ गेम बाजारात आला, तेव्हा सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका आकड्याची. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या ‘हॅलो गेम्स’ या छोट्या कंपनीने त्यात 2 च्या 64 व्या घाताइतके ग्रह ठेवले होते. म्हणजे साधारण 18 आणि त्यापुढे 18 शून्यं. प्रत्येक ग्रहावर एकच सेकंद थांबायचं ठरवलं, तरी सगळे पाहून व्हायला 58,000 कोटींहून जास्त वर्षं लागतील. खऱ्या विश्वाचं वय आहे सुमारे 1,380 कोटी वर्षं.

एवढे ग्रह डिस्कवर मावतात कसे? मुळात ते साठवलेलेच नसतात. प्रत्येक ग्रहामागे असते फक्त एक संख्या. तिला ‘सीड’ म्हणतात. यान जवळ पोचलं की त्या संख्येवर ठरावीक सूत्रं चालतात आणि डोंगर, हवा, प्राणी, गवताचा रंग जागच्या जागी तयार होतो. संख्या तीच, सूत्रं तीच, म्हणून परत गेलात तरी ग्रह तोच. युक्ती जुनी आहे. 1984 साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी ‘एलिट’ या गेममध्ये 8 दीर्घिका बसवल्या, प्रत्येकीत 256 ग्रह, आणि तेही 32 किलोबाइट मेमरीच्या बीबीसी मायक्रो संगणकावर.

पण ‘नो मॅन्स स्काय’चे बरेच खेळाडू वीस-पंचवीस ग्रहांनंतर कंटाळले. अशी जगं निर्माण करणाऱ्या प्रणालींवर काम करणाऱ्या केट कॉम्प्टन यांनी हे दुखणं नेमकं सांगितलं आहे: ओट्सच्या खिरीच्या दहा हजार वाट्या भरल्या, तर प्रत्येक वाटीतल्या दाण्यांची मांडणी गणिताने वेगळी असते, खाणाऱ्याला मात्र सगळ्या सारख्याच. कंपनीने नंतर वर्षानुवर्षं मोफत अपडेट देऊन गेम खूप सुधारला, त्याबद्दल तिचं कौतुकच आहे. तरी मूळ प्रश्न उरतोच: माणसाला पुढच्या ग्रहावर जावंसं का वाटतं?

मानसशास्त्राकडे याचं एक चांगलं उत्तर आहे. जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी 1994 साली मांडलं, की आपल्याला माहीत असलेलं आणि जाणून घ्यावंसं वाटणारं यांत फट दिसली, की कुतूहल जागं होतं. काहीच माहीत नसेल तर फटही दिसत नाही. आधी थोडं कळावं लागतं.

याच तत्त्वाचा सर्वांत सुंदर आविष्कार, माझ्या मते, 2019चा ‘आउटर वाइल्ड्स’. ॲलेक्स बीचम यांनी लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंध म्हणून तो सुरू केला होता. त्यात एकच सूर्यमाला आहे, ग्रह हाताने घडवलेले आणि इतके लहान की चालत प्रदक्षिणा घालता येते. 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सगळं पुन्हा सुरुवातीपासून. यानाला नवं इंजिन मिळत नाही, नवं हत्यार मिळत नाही. पुढच्या फेरीत सोबत येतं ते फक्त आपल्याला समजलेलं. एका भिंतीवरचा जुना मजकूर दुसऱ्या ग्रहावरच्या कोड्याकडे बोट दाखवतो आणि यानातली नोंदवही सगळे धागे जोडून ठेवते. फट दिसते, आणि यान आपोआप तिकडे वळतं.

ग्रह स्थिरही नाहीत. एका जुळ्या जोडीत एका ग्रहावरची वाळू सतत दुसऱ्यावर पडत असते: इकडे गुहा बुजत जातात, तिकडे गाडलेल्या इमारती उघड्या पडतात. त्यामुळे कुठे जायचं याच्याइतकंच केव्हा जायचं हेही शोधावं लागतं. एक चंद्र तर आपली नजर हटली की जागा बदलतो. पुंजभौतिकीतल्या निरीक्षणाच्या कल्पनेला दिलेलं हे खेळकर रूप आहे.

हे सगळं हलतं ठेवण्यात एक तांत्रिक अडचण होती. असे गेम वस्तूचं स्थान बहुधा 32 बिटांच्या दशांश संख्येत ठेवतात. आरंभबिंदूपासून वीस किलोमीटर दूर गेलं की तिची अचूकता जेमतेम दोन मिलीमीटर उरते आणि चित्र थरथरू लागतं. यावर ‘आउटर वाइल्ड्स’च्या चमूने खेळाडूलाच आरंभबिंदूवर ठेवलं आणि सगळी सूर्यमाला त्याच्याभोवती हलवली. कोपर्निकसने केंद्रावरून हटवलेल्या माणसाला इथे ती जागा परत मिळाली आहे, आणि चालणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

2020 साली या गेमला बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. तो बनवायला वापरलेलं ‘युनिटी’ हे सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना आजही विनामूल्य मिळतं. आपल्याकडे गेम बनवायला शिकणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच सांगावंसं वाटतं: पहिल्या प्रयत्नात हजार ग्रहांच्या मागे लागू नका. एकच ग्रह करा, आणि त्यावर असं एक दार ठेवा की ते का उघडत नाही याचं उत्तर शोधायला खेळणाऱ्याला दुसरा ग्रह हवासा वाटेल.