पाच वेळा हुकलेला मान

हॉलिवूडच्या चित्रसृष्टीत ऑस्करच्या सुवर्णमूर्तीहून मोठा मान नाही, असे मानले जाते. जिला ती लाभते तिचे नाव राहते आणि जिला लाभत नाही ती विस्मृतीत जाते, असाही समज आहे. तो कितपत खरा आहे हे पाहावयाचे असेल, तर आयरीन डन या अभिनेत्रीचे चरित्र जाणून घ्यावे. उत्कृष्ट अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी तिचे नाव पाच वेळा पुढे आले. पाचही वेळा ते दुसरीच्या पदरात पडले.

आयरीनचा जन्म २० डिसेंबर १८९८ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुईव्हिल येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील आगबोटींचे तपासनीस होते. ती शाळेत असतानाच ते निवर्तले. संगीताचे पहिले धडे तिला आईपाशी मिळाले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायिका व्हावे, ही तिची आकांक्षा होती. परंतु तेथील परीक्षेत ती उतरली नाही. मग ती संगीत नाटकांकडे वळली. 'शो बोट' या नाटकाच्या फिरत्या मंडळीत नायिकेचे काम करीत असता बोलपटांचे दार तिला उघडले.

१९३१ च्या 'सिमॅरॉन' या चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले. नायिकेचा मान मात्र मेरी ड्रेसलर हिला गेला. विनोदी भूमिका घेण्यास आयरीन प्रथम नाखूष होती. तरीही १९३६ चा 'थिओडोरा गोज वाइल्ड' आणि १९३७ चा 'द ऑफुल ट्रुथ' या दोन विनोदी चित्रपटांनी तिला मोठी कीर्ती दिली. दोन्ही वर्षी पारितोषिक लुईझ रायनर हिने नेले. १९३९ साली 'लव्ह अफेअर'साठी पुन्हा तिचे नाव आले, तेव्हा 'गॉन विथ द विंड'ची नायिका व्हिव्हियन ली विजयी झाली.

पाचवी भूमिका १९४८ च्या 'आय रिमेंबर मामा'मधील. सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झालेल्या एका नॉर्वेजियन कुटुंबाची ही कथा. दर शनिवारी रात्री आई टेबलावर आठवड्याची कमाई मांडते: इतके घरभाड्याचे, इतके वाण्याचे, इतके मुलांच्या गरजांचे. कमी पडलेच तर बँकेत आपले पैसे आहेत, असा धीर ती मुलांना देते. धाकटी मुलगी इस्पितळात असताना आईला भेटीची परवानगी मिळत नाही. तेव्हा ती फरशी पुसणारी बाई बनून लेकीच्या खाटेपाशी पोहोचते. बँकेत खाते कधी नव्हतेच, मुलांना भीती वाटू नये म्हणून आपण तसे सांगत होतो, हे ती अखेरीस उघड करते. आयरीनने ही माता कोणताही अतिरेक न करता उभी केली आहे. त्या वर्षीचा मान जेन वायमन हिला मिळाला.

विजयी झालेल्या अभिनेत्रीही थोर होत्या, यात संशय नाही. तथापि गायिका, विनोदी नायिका, प्रेमिका आणि माता अशा सर्व प्रकारांत सारखेच कसदार काम करणाऱ्या कलावतीचे मोल एका वर्षाच्या मतमोजणीत सामावत नाही. पारितोषिक एका भूमिकेला मिळते. आयरीनचे कर्तृत्व बावीस वर्षांच्या सातत्यात होते.

१९५२ नंतर तिने चित्रपट सोडले, परंतु कार्य सोडले नाही. नोत्र दाम विद्यापीठाने १९४९ साली तिला 'लेतारे' पदक दिले होते. अमेरिकन कॅथलिक व्यक्तीला दिल्या जाणाऱ्या या पदकाचे नाव प्रायश्चित्तकाळातील चौथ्या रविवारावरून पडले आहे. १९५७ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेवर तिला पर्यायी प्रतिनिधी नेमले. धर्मभगिनींनी स्थापन केलेल्या सांता मोनिकाच्या सेंट जॉन्स रुग्णालयासाठीही तिने निधी जमविला. पती डॉ. फ्रान्सिस ग्रिफिन यांच्याशी तिचा संसार त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६५ पर्यंत, अभंग राहिला. १९८५ साली केनेडी सेंटरचा राष्ट्रीय सन्मान तिला लाभला. ४ सप्टेंबर १९९० रोजी तिचे निधन झाले. सुवर्णमूर्ती अखेरपर्यंत तिच्या घरी आली नाही.

वाचकहो, शाळेत बक्षीस हुकले म्हणून आपले मूल हिरमुसले, तर त्याला ही हकीकत अवश्य सांगा. आणि संधी मिळाल्यास 'आय रिमेंबर मामा' हा चित्रपट सहकुटुंब पाहा. ज्या घरात महिनाअखेरीस आई पैसे मोजीत बसते, तेथे तो समजावून सांगावा लागणार नाही.