न सांगितलें जाणारें दुखणें

हळदीकुंकवाच्या समारंभांत दाराशेजारचीच जागा धरणारी, प्रवासाचें नांव निघतांच सबब सांगणारी आणि नातवाच्या लीला पाहून हसतां हसतां एकदम दचकणारी प्रौढ स्त्री पुष्कळ घरांत आढळते. घरचीं माणसें म्हणतात, वयपरत्वें स्वभाव बदलला. वस्तुतः तिची अडचण एवढीच असते कीं, लघवी आवरत नाहीं. आणि तें सांगण्याची तिला चोरी! सोवळ्याओवळ्याच्या घरांत तर हें दुःख दुप्पट. पूजेला बसलें असतां थेंब गळला तर काय, या धास्तीनें ती पूजाच सोडते व श्रद्धा आटल्याचा ठपका मुकाट्यानें घेते.

मूत्राशय ही स्नायूंची लवचिक पिशवी होय. प्रौढ माणसाच्या मूत्राशयांत सुमारें ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावतें. त्याचें तोंड मिटून धरणाऱ्या स्नायूला खालून आधार असतो तो ओटीच्या तळाशीं झोळीप्रमाणें ताणलेल्या स्नायूंच्या पडद्याचा. बाळंतपणांत हा पडदा ताणला जातो. स्थूलता, जुनाट खोकला व बद्धकोष्ठ यांनीं त्याजवर भार पडत राहतो. मग शिंक आली, घागर उचलली, एवढ्यानेंही थेंब गळतात. दुसरा प्रकार निराळा. त्यांत मूत्राशयच उतावळा होऊन पुरता भरण्यापूर्वीं आकुंचन पावतो, आणि मोरीपर्यंत पोंचण्याचीही उसंत देत नाहीं. कित्येकींना दोन्ही प्रकारांचा त्रास असतो.

यावर बहुतेक स्त्रिया स्वतःच एक उपाय योजतात, तो म्हणजे पाणी तोडण्याचा. हा उपाय नव्हे, अपाय होय. मूत्र दाट होऊन मूत्राशय अधिकच चाळवतो आणि बद्धकोष्ठ वाढतो. त्यापेक्षां चहा-कॉफी कमी करावी. शरीर स्थूल असल्यास वजन उतरवावें.

अमेरिकेंतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनीं १९४८ सालीं ओटीतळाच्या स्नायूंच्या व्यायामाची पद्धति प्रसिद्ध केली. आजही पहिल्या प्रकारांत प्रथम उपाय तोच. वायु अडवून धरावा तसे ते स्नायु आंत व वर ओढावयाचे, कांहीं क्षण धरावयाचे, मग पुरते सैल सोडावयाचे. असें एका वेळीं निदान आठदां, दिवसांतून तीनदां, आणि निदान तीन महिने. श्वास कोंडूं नये, पोटानें खालीं जोर देऊं नये. आठवड्याभरांत गुण नाहीं म्हणून सोडणाऱ्याच फार; वास्तविक दंड कमावण्यास जितका काळ लागतो तितका यांसही द्यावयास नको काय? हा व्यायाम भाजी निवडतांनाही होतो, कोणास कळतही नाहीं.

उतावळ्या मूत्राशयाला मात्र शिस्त लावावी लागते. दोन वेळांमधील अंतर थोडें थोडें वाढवीत न्यावयाचें. जरूर तेथें डॉक्टर औषधें देतात. व्यायामानें न भागल्यास शस्त्रक्रिया आहे. स्वीडनमधील उल्फ उल्मस्टेन व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं मूत्रमार्गाखालीं जाळीची पट्टी बसविण्याची रीत मांडली व ती जगभर पसरली. परंतु अशा जाळ्यांपासून कांहीं स्त्रियांना वेदना जडल्यामुळें २०१८ सालीं इंग्लंडांत त्यांचा वापर थांबविण्यांत आला. सबब शस्त्रक्रियेपूर्वीं पर्याय व धोके नीट विचारून घ्यावे.

लघवींतून रक्त जाणें, जळजळ, ताप, किंवा रात्रंदिवस अखंड गळती, यांपैकीं कांहीं असेल तर मात्र व्यायामावर वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जावें. मधुमेहाचीही तपासणी करून घ्यावी. आणि तिच्याबरोबर दवाखान्यांत लेक, सून अथवा पति, कोणी तरी एकानें जावें. एकटी असली म्हणजे ती गुडघेदुखीचें औषध घेऊन परत येते.