ध्वनिवहन, घरगुती : तांब्याची केबल व प्रकाशीय तंतू

अंकीय रूपातील संगीत घरातील राउटरपासून ध्वनियंत्रापर्यंत नेण्याची व्यवस्था. तीसाठी तांब्याच्या पिळलेल्या तारांची केबल किंवा काचेचा प्रकाशीय तंतू वापरतात. तंतूमुळे आवाज अधिक शुद्ध होतो, अशी समजूत काही श्रोत्यांत आढळते. तथापि तंतूचे खरे महत्त्व विद्युत् विलगतेत व लांब अंतरावरील वहनात आहे.

तांब्याच्या केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. पिळामुळे बाह्य विद्युत् क्षेत्राचा परिणाम जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो व संदेश घेणाऱ्या टोकास तो वजा होतो. अशा केबलीची मर्यादा सामान्यतः १०० मी. असते. तंतूत प्रकाशाचे स्पंद पूर्ण अंतर्गत परावर्तनाने पुढे जातात. अतिशुद्ध काचेतून प्रकाश दूरवर नेता येईल, असे चार्ल्स काव व जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये दाखविले; या कार्याबद्दल काव यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे प्रकाशीय तंतूचे उत्पादन होते.

ध्वनीची गरज व केबलीची क्षमता : ध्वनितबकडीच्या दर्जाच्या संगीतात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा व दोन मार्ग असतात, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात. याउलट साध्या तांब्याच्या केबलीतूनही सेकंदाला १०० कोटी बिट जाऊ शकतात. माहिती लहान पुडक्यांत जाते व प्रत्येक पुडक्यासोबत तपासणीचा अंक असतो. बिघडलेले पुडके टाकून दिले जाते व सामान्यतः ते पुन्हा मागविले जाते. आलेली माहिती ध्वनियंत्राच्या स्मृतीत साठते आणि यंत्रातील घड्याळाच्या गतीने तिचे ध्वनीत रूपांतर होते. त्यामुळे अचूक पोहोचलेले संगीत कोणत्या केबलीतून आले, यावर त्याचा दर्जा अवलंबून राहत नाही.

विद्युत् विलगता : तांब्याच्या केबलीच्या जोडणीत लहान रोहित्रे असल्याने दोन उपकरणे बऱ्याच अंशी विलग राहतात, परंतु धातूच्या आवरणाची केबल दोन्ही टोकांस भूसंपर्कित असल्यास त्या वाटेने प्रवाह वाहून ध्वनिक्षेपकातून गुणगुण ऐकू येण्याचा संभव असतो. तंतू विद्युत् संवाहक नसल्याने ही वाट बंद होते. मात्र त्याच्या दोन्ही टोकांस बसवावयाच्या परिवर्तकांना स्वतंत्र वीजपुरवठा लागतो. तो निकृष्ट असल्यास नवा गोंगाट निर्माण होऊ शकतो.

धाराशिव जिल्ह्यातील सोनारी (ता. परांडा) यासारख्या गावांत हा फरक विशेष जाणवण्याजोगा आहे. मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा पडतात. राहते घर व आवारातील वेगळी खोली यांमध्ये उघड्यावरून नेलेली तांब्याची केबल विजेचा लोंढा दोन्हीकडील उपकरणांपर्यंत पोहोचवू शकते. तेथे धातुविरहित तंतुकेबल अधिक सुरक्षित होय. काही तंतुकेबलींत आधारासाठी पोलादी तार असते. ती घराबाहेरच थांबवून भूसंपर्कित करावी लागते. विजेच्या मुख्य तारांतून येणाऱ्या लोंढ्यापासून तंतू संरक्षण देत नाही. त्यासाठी योग्य भूसंपर्क व लोंढारोधक आवश्यक असतात.

सारांश, एका छपराखाली १०० मी.च्या आत तांब्याची आवरणरहित केबल पुरेशी व स्वस्त आहे. दोन इमारतींमध्ये किंवा अधिक अंतरावर तंतू श्रेयस्कर ठरतो. दर्जा वाढविण्यासाठीचा खर्च ध्वनिक्षेपक व खोलीची ध्वनिरचना यांवर करणे अधिक फलदायी असते.