माशाच्या पिलाचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने माशांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण विषय हिशेबाचाच आहे. माशाचे पिल्लू जे खाते ती त्याची जमा. त्यातून श्वसन, पोहणे, पचन यांचा खर्च वजा जाऊन जे उरते तेवढीच त्याची वाढ. या खर्चाच्या बाजूला मिठाचे एक कलम असते आणि ते पाण्याप्रमाणे बदलते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. (मोरी, वागळी यांची तऱ्हा निराळी, ते येथे सोडून देऊ.) त्यामुळे गोड्या पाण्यात माशाच्या अंगात सारखे पाणी शिरते व मीठ बाहेर झिरपते. मूत्रपिंडांना पाणी उपसत बसावे लागते आणि कल्ल्यांना पाण्यातले क्षार वेचून आत घ्यावे लागतात. समुद्रात सगळे उलट. तेथे अंगातले पाणी निसटते म्हणून मासा समुद्राचेच पाणी पितो, आणि जादा मीठ कल्ल्यांतील खास पेशी बाहेर ढकलतात. हे ढकलणे फुकट होत नाही.

किती खर्च होतो, याबाबत शास्त्रज्ञांचे आकडे जुळत नाहीत. काही प्रयोगांत एकूण ऊर्जाखर्चाच्या २० ते ५० टक्के निघाले, तर काहींत १० टक्क्यांच्या आसपास. मला दहाचा आकडा अधिक पटतो. निम्मा खर्च केवळ भाड्यावर करणारे दुकान फार दिवस टिकत नाही! मात्र पुष्कळ जातींची पिल्ले ना गोड्या ना पुऱ्या खाऱ्या, तर लिटरला ८ ते २० ग्रॅम क्षाराच्या मचूळ पाण्यात अधिक चांगली वाढतात, असे आढळले आहे. त्याचे श्रेय केवळ वाचलेल्या खर्चाला देता येत नाही. खारेपणाने भूकही बदलते, खाल्लेल्या अन्नाचे मांस किती होते तेही बदलते, आणि वाढीच्या संप्रेरकांचाही त्यात हात असतो. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तीस अंश तापमानाला समुद्राच्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी असतो, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात पिलाची गरज वाढलेली असते.

पिलांनाच हे जड का जावे? देह लहान असला की वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग फार मोठा पडतो, आणि पाण्या-मिठाची गळती पृष्ठभागातूनच होते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या जिवाचे कल्लेही पुरते तयार नसतात. मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशी तेव्हा त्याच्या त्वचेवर असतात.

आता आपल्या चोणकाकडे पाहू. मुंबई-रायगडकडे त्याला जिताडा म्हणतात. तो अंडी घालतो नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्ले मात्र खाडीतून वर नदीकडे सरकतात आणि मोठी होऊन पुन्हा खाली येतात. म्हणजे एकाच आयुष्यात दोन्ही पद्धतींचा हिशेब ठेवणारा हा मासा. पण त्यालाही सवडीची गरज असते. मत्स्यबीज गोड्या पाण्याच्या तळ्यात सोडायचे तर खारेपणा टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम बदल केला तर पिल्ले खाणे टाकतात किंवा दगावतात.

आमच्या पाळीला मांडवी आहे, पलीकडे उसगाव. समुद्रापासून इतक्या आतही भरती-ओहोटी जाणवते. ती वर गांजेपर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे ५० किलोमीटर पोहोचते. पावसाळ्यात मुखाजवळचा भाग सोडला तर नदी जवळजवळ गोडी असते. पाऊस सरला की वरून येणारे पाणी आटत जाते आणि खारेपणा आत चढत जातो, तो मे महिन्यात सर्वांत वर असतो. पिलाला परवडणारे मचूळ पाणी नदीत कोठे सापडेल, हे त्यावर ठरते.

येथे म्हादईच्या वादाचा उल्लेख टाळता येत नाही. मांडवी ती हीच, खानापूर तालुक्यातून येणारी. ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. पुढे तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. हे आकडे वर्षाचे आहेत. माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. वर्षाचा ताळेबंद नफा दाखवत असतानाही एखाद्या महिन्यात गल्ल्यात रोकड नसते, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. जुलैच्या पुरातले काही पाणी कमी झाल्याने खारेपणाच्या सीमेत फार फरक पडेल असे मला वाटत नाही. एप्रिल-मे महिन्यातली बारीक धार कमी झाली तर मात्र खारे पाणी वर सरकेल, आणि पिलांच्या वाट्याचा मचूळ पट्टाही हलेल. मलप्रभेच्या काठच्या लोकांची पिण्याच्या पाण्याची गरज खोटी आहे असे मी म्हणत नाही. कन्नड विभागातील मित्रांशी यावर त्यांच्याच भाषेत वाद घालायला मी तयार आहे. फक्त बसताना आकडे महिनावार घेऊन बसू.